विकेट पडू नये म्हणून धरलेली पाठ

पुनावळ्याहून गहुंजेचं क्रिकेट मैदान जवळच आहे, पण सामन्याच्या दिवशी हे ‘जवळच’ अंडरपासच्या तोंडाशी संपतं. म्हणून शहाणा माणूस सामना घरी, एल आकाराच्या सोफ्यावरून बघतो आणि दुसऱ्या दिवशी चपला घालायला वाकला की तिथेच ‘आई गं’ करतो. मग खापर फुटतं सोफ्यावर: फार मऊ आहे, फार खोल आहे, हप्तेही अजून फिटलेले नाहीत. (हप्त्यांनी पाठ दुखत नाही, असं मात्र ठामपणे सांगवत नाही.) माझ्या मते सोफा निर्दोष आहे. पाठीला नडते ती आपली श्रद्धा. भागीदारी जमली की ‘आहेस तसाच बस, हलू नकोस’ असं बजावणारी.

‘पण ताठ बसायला काय होतं?’ हा घरातल्या ज्येष्ठांचा आक्षेप. त्याला आधार आहे. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब मोजला, तेव्हा उभं राहण्यापेक्षा बसण्यात तो जास्त भरला. मात्र १९९९ साली जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका धडधाकट माणसाच्या कमरेतल्या चकतीत दाबमापक बसवला, तर खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर दाब उभं असतानापेक्षाही कमी निघाला! माणूस एकच होता, तेव्हा एवढ्यावर लोळण्याचा परवाना काढू नये. पण मोठेपणी चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच. भोवतालून झिरपेल त्यावर तिचं भागतं, आणि त्या झिरपण्याला हालचालीने हातभार लागतो. म्हणजे तीन तास ताठ बसणारा आणि तीन तास लोळणारा, दोघेही तिला सारखंच उपाशी ठेवतात. शिवाय पाठ दिवसभर कुठे होती, तेही पाहायला हवं. चाकणच्या कारखान्यात पाळीभर उभं राहिलेल्याला सोफा म्हणजे विश्रांती. हिंजवडीत दिवसभर बसून, मग गाडीत बसून आलेल्याला तोच सोफा म्हणजे ओव्हरटाइम.

दुसरा आक्षेप तर्कापलीकडचा: आपण उठलो आणि विकेट पडली तर? ३१ जानेवारी १९९९, चेन्नई, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. पाठ धरलेली असताना सचिनने १३६ धावा काढल्या आणि तो बाद झाला तेव्हा जिंकायला फक्त १७ हव्या होत्या. त्या दिवशी देशातल्या किती घरांत माणसं श्वास रोखून एकाच जागी बसली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण उरलेल्या तीन विकेट चार धावांत गेल्या आणि आपण १२ धावांनी हरलो. निश्चल बसण्यात काही दैवी शक्ती असतीच, तर ती दाखवायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. ज्याची पाठ खरोखर दुखत होती, तो निदान धावत तरी होता.

‘उठायला वेळ कुठे मिळतो?’ हे तर निव्वळ निमित्त. आयपीएलच्या एका सामन्यात चाळीस षटकं, अडीच-अडीच मिनिटांचे चार टाइम-आउट आणि मधली वीस मिनिटं. खेळच सांगतोय, उठा. आपण जाहिरात लागली की मोबाइल काढतो. अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणित मांडलं, की मान साठ अंशांत वाकली तर तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तो जिन्याने वर आणणाऱ्याला आपण आवर्जून पाणी विचारतो. मानेला कोण विचारतो? षटक संपल्यावर उठून पाण्याचा तांब्या भरून आणला, तरी मान आणि कंबर दोन्ही सुटतात. बॉटल सोफ्याशेजारी आणून ठेवणारे स्वतःला हुशार समजतात, पण तेवढ्या फेऱ्या ते पाठीच्या खात्यातून काढून घेतात.

या बाबतीत जुनी कसोटीच बरी. जेवणाला चाळीस मिनिटं, चहाला वीस, मध्ये पाण्याची सुट्टी. आणि आपण हलल्याने काही घडेल, असं वाटण्याइतकं सहसा काही घडतही नाही. अपवाद गहुंजेचाच. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथे न्यूझीलंडने भारताला तिसऱ्याच दिवशी ११३ धावांनी हरवलं आणि पुनावळ्यातल्या पाठींना उरलेल्या दोन दिवसांची सुट्टी मिळाली.