याले कोनं बलावलं?

राळेगावातल्या आमच्या ऑनलाइन सेंटरात सकाळी संगणक सुरू केला की सातबाऱ्याच्या आधी व्हिडिओ-मीटिंगचं एक चकचकीत ॲप हजर. स्वागत करतं, खातं उघडा म्हणतं. मीटिंग घ्यायची कोणाशी? कापूस विक्रीच्या नोंदणीला आलेले पाचही जण समोर बाकावरच बसलेत. त्यातले एक काका पडद्याकडं बघून म्हणाले, "भाऊ, याले कोनं बलावलं?"

कोणीच नाही. मशीनबरोबरच आलंय ते, आंदणातल्या कपाटासारखं. फुली दाबली तरी जात नाही, खाली घड्याळाशेजारी दबा धरून बसतं.

इलाज आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरात 'स्टार्टअप' गाठा, नावावर राइट-क्लिक करून 'डिसेबल'. केलं. दोन दिवस गड जिंकल्यागत हिंडलो. तिसऱ्या दिवशी अपडेट आलं आणि त्यामागोमाग स्वारी परत, नवा आयकॉन लेवून.

असं न मागता गळ्यात मारणं जुनंच. विंडोजला मीडिया प्लेअर चिकटवून विकणं हा एक ठपका ठेवत युरोपीय आयोगानं २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोकला होता. मग प्लेअर नसलेलं विंडोज निघालं, तेही त्याच किमतीत! घेतंय कोण? (कांदा न घालता भजी, भाव तोच.)

काकांना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली.

"ते समदं खरं भाऊ. आमचा सातबारा निंघते का आज?"