एवढ्या रिक्षा आणल्या कुठून?

चांगला सिनेमा पाहून बाहेर पडलेली माणसं फार बोलत नाहीत. ‘छान होता’ म्हणतात आणि वडापावच्या गाडीकडे वळतात. भिकार सिनेमा मात्र मुक्यालाही वाचा फोडतो. त्यातून तो चार पैशांत उरकलेला सूडपट असला, तर बघायलाच नको.

कांती शाह यांचा १९९८चा ‘गुंडा’ घ्या. हमाली करणाऱ्या शंकरच्या घरची माणसं गुंड मारतात, मग शंकर गुंडांना मारतो. झाली गोष्ट. पण हे गुंड सरळ बोलतील तर शपथ! पडद्यावर आले की आपली ओळख यमकात करून देतात. मुकेश ऋषी बुल्ला, रामी रेड्डी काला शेट्टी आणि आपले मोहन जोशी चक्क पोते. पुढे नाट्य परिषदेचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला कुणी ‘पोते’ म्हणताना ऐकून मराठी प्रेक्षकाच्या पोटात जरा कालवतं. जराच. मग तोही शिट्टी मारतो.

शंकर झालेल्या मिथुन चक्रवर्तींच्या भक्तांशी या विषयावर वाद घालू नये. पदार्पणातच ‘मृगया’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा नट नव्वदच्या दशकात उटीला जाऊन राहिला. तिथे झटपट, स्वस्तात सिनेमे निघू लागले आणि खिसा हलका असलेल्या निर्मात्यांनाही नाव असलेला हिरो मिळू लागला. त्यात वाईट काय, असं भक्त विचारतो, आणि उत्तर सुचत नाही. २०२४ मध्ये मिथुनदांना फाळके पुरस्कार जाहीर झाला, तो ‘गुंडा’साठीच, बाकी सगळं निमित्त, असं माझ्या ओळखीचा एक भक्त आजही मानतो.

मला खरे निराश करतात ते मधले सूडपट. हिरो संथ गतीत चालतो, पाऊस पडतो, मेलेली आई आठवते, आणि आपल्याला ना राग येत ना हसू. ‘गुंडा’ निदान कुठलीच गोष्ट अर्धवट करत नाही. म्हणून तर हॉस्टेलच्या पोरांनी तो तोंडपाठ केला.

शेजारच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना मात्र हे पटत नाही. एवढी माणसं मेली त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. शेवटच्या मारामारीत गुंडांच्या दिमतीला जो रिक्षांचा ताफा आहे, तो त्यांना खुपतो.

“पैसे नव्हते ना यांच्याकडे? मग एवढ्या रिक्षा आणल्या कुठून? रिकाम्या परत जायचं भाडंही द्यावं लागतं.”

“अहो, सिनेमा आहे तो,” मी म्हटलं.

“म्हणून काय झालं? व्हाउचर कुणी पास केलं?”

काकू इतका वेळ भाजी निवडत होत्या. शंकरनं माकड पाळलेलं असतं, टिनू त्याचं नाव.

“तुम्ही बसा रिक्षा मोजत,” त्या म्हणाल्या. “शंकर दिवसभर सूड घेत हिंडतो, तोवर त्या माकडाला खायला कोण घालतं ते सांगा आधी.”