वेताळपंथी

माळकरी माणूस गळ्यावरून कळतो, गिरनारला जाऊन आलेला चार वाक्यांत कळतो, आणि शेअर बाजारवाला तर सोमवारी सकाळी नुसत्या चेहऱ्यावरून कळतो. वेताळपंथी माणसाला असं बाहेरून काही लक्षण नसतं. तो पन्नाशीच्या आसपासचा असतो, विमा, बँक, महापालिका असल्या ठिकाणी चिकटलेला असतो, साखर काठावर असते. त्याच्यापुढे कुणीतरी सहज म्हणून जातं, "पूर्वी ते विक्रम-वेताळ लागायचं बघा..." झालं. तो हातातला कप खाली ठेवतो. चहा गार होतो, आणि ज्याने विषय काढला त्याची बस चुकते.

आमच्या इमारतीतले भाऊ हे या पंथाचे मठाधिपती. १९८५ साली दूरदर्शनवर रविवारी दुपारी साडेचारला रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' सुरू झाली तेव्हा भाऊ सहावीत होते. सव्वीस भागांची मालिका. पुढे भाऊंनी बी. कॉम. केलं, लग्न केलं, घरासाठी कर्ज काढलं आणि फेडलं. पण शिक्षण विचाराल तर ते सव्वीस भाग बी. कॉम.च्या आधी येतात. सव्वा वर्षाने, जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं आणि अख्खी चाळ अरुण गोविलपुढे हात जोडून बसली. भाऊ मात्र मोठ्याने म्हणाले, "हा तर मागे वेताळाला पाठीवर घेऊन फिरायचा, तोच!" आजीने पाठीत धपाटा घातला. दीपिका चिखलिया आणि सुनील लहरी हेसुद्धा वेताळाकडेच उमेदवारी करून मग अयोध्येला गेले, हे सांगायला भाऊंनी तोंड उघडलं आणि दुसरा धपाटा खाल्ला. आपला पहिला छळ धर्माच्या नावाखाली झाला, असं ते आजही अभिमानाने सांगतात.

पंथाची बैठक रविवारी सकाळी, पंपाच्या खोलीशेजारच्या बाकांवर. खरं तर पंथ म्हणजे भाऊ, वकीलसाहेब, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले आण्णा, मस्कतवाले (हे स्वतः कधी मस्कतला गेलेले नाहीत, वडील होते) आणि वेंगुर्ल्याचे तात्या. भांडणं जुनी आहेत. सगळ्यांत जुनं वेताळाच्या केसांच्या रंगाचं.

ज्यांच्या घरी एकेकाळी कृष्णधवल टीव्ही होता त्यांना ते तिरंगी प्लॅस्टिक आठवत असेल. पडद्यावर चिकटवायचं, वर निळा पट्टा, मध्ये नारिंगी छटा, खाली हिरवा. वर आकाश, मध्ये माणसं, खाली गवत, असा त्यामागचा उदात्त विचार. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या कपाळाला त्यामुळे काय झालं हा वेगळा विषय. पण विक्रम चालत असायचा आणि वेताळ त्याच्या खांद्यावर, म्हणजे बरोबर निळ्या पट्ट्यात. भाऊंचा वेताळ त्यामुळे कायमचा निळ्या केसांचा राहिला. मस्कतवाल्यांच्या घरी रंगीत टीव्ही होता. ते म्हणतात, पांढरेशुभ्र. यावर भाऊंचा युक्तिवाद असा की ज्याने रंगीत टीव्हीवर मालिका पाहिली त्याला तिच्यावर बोलण्याचा अधिकार नाही, कारण त्याला ती आयती मिळाली. आम्ही जिन्यात बसून, दुसऱ्यांच्या दारातून, पुढच्याच्या डोक्यावरून पाहिली. गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, मधल्या मजल्यावर एक जण "आलं, आलं, गेलं" ओरडतोय, अशी पाहिली.

ते भाग आता फोनवर बघायला मिळतात. केसांचा निकाल अर्ध्या मिनिटात लागेल. पण या बैठकीत पुरावा काढणं असभ्य समजलं जातं. एकदा वकीलसाहेबांच्या भाच्याने फोन काढला आणि भाग दीडपट वेगाने लावला. वेताळ हेलिकॉप्टरसारखा उडाला. त्या मुलाला बाकावरून उठवून क्रिकेट खेळायला पाठवण्यात आलं. तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याला क्रिकेट आवडत नाही.

सज्जन या नटावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. वेताळ झालेले हे सज्जन १९५१ च्या 'सैंया'मध्ये मधुबालासमोर होते, आणि साठी उलटून गेल्यावर दूरदर्शनवर दुसऱ्याच्या पाठीवर बसून हसत होते. भाऊंच्या मते ही अधोगती नसून बढती आहे. मधुबालासमोर कुणीही उभा राहील. पाठीवर बसून केवळ डोळे आणि आवाज यांवर अख्खा भाग ओढून नेणं येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. इथे मी भाऊंच्या बाजूचा आहे. ती झाडं पुठ्ठ्याची वाटायची, स्मशानातला धूर अगरबत्तीच्या बेताचा होता, आणि राजे लोकांचे मुकुट दर भागात तेच असावेत असा संशय यायचा. पण वेताळ शेवटी मान पुढे काढून प्रश्न विचारायचा तेव्हा पोटात गोळा यायचा तो यायचाच. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला भुतापेक्षा तोंडी परीक्षेची भीती जास्त, आणि हे भूत तर तोंडी परीक्षाच घ्यायचं. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी चाललो परत झाडावर. या नियमात शहाण्या माणसाची फार बारीक कोंडी केलेली आहे, आणि भाऊंचा तर तो स्वभावच आहे.

आता तो भाग. वेताळपंथात 'तो भाग' म्हटलं की एकच, डोकी बदलली तो. नवरा देवीपुढे स्वतःचं शिर कापतो, त्याला शोधायला गेलेला दुसराही कापतो, मागून आलेली बायको जीव द्यायला निघते. देवी प्रसन्न होऊन म्हणते, धडांना शिरं लाव, दोघे उठतील. बाई घाईत नवऱ्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर आणि दुसऱ्याचं नवऱ्याच्या धडावर लावते. दोघे उठून बसतात. वेताळ विचारतो, राजा, यातला तिचा नवरा कोण? विक्रम सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं आहे तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. वेताळ झाडावर.

हा भाग श्रेष्ठ की सुमार, यावर आमच्या बाकांवर रविवारचे रविवार जातात. वकीलसाहेब म्हणतात, सुमार. कारण निकाल एकतर्फी आहे, धडाची बाजू ऐकूनच घेतली नाही. आण्णांचा आक्षेप व्यवहारातला. "समजा हे गृहस्थ माझ्या काउंटरवर आले. फोटो जुळतो. डोळ्यांची बुबुळं जुळतात. पण अंगठा? तो दुसऱ्याचा. दहाच्या दहा बोटं दुसऱ्याची. सही करणारा हात दुसऱ्याचा. चेक परत जाणार. आधारने ओळख पटवायची तर हा माणूस मानेच्या वर एक आणि मानेच्या खाली दुसरा." मग या माणसाच्या खात्यातले पैसे कुणी काढायचे, यावर चर्चा गेली. दोघांनी मिळून संयुक्त खातं उघडावं असा तोडगा निघाला, पण त्यासाठीही सही लागते.

तात्या या वादात सहसा पडत नाहीत. त्यांचा मालिकेवरच मूलभूत राग आहे. आरवलीला त्यांचा वेतोबा. पूर्ण उंचीचा, ऐटीत उभा, गावाची राखण करायला रात्री फिरतो म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. त्याला असं झाडाला उलटं टांगून, केस पिंजारून दाखवायचं म्हणजे काय? "आमचो वेतोबा सवताच्या पायांनी फिरता. व्हाणो झिजतत तेच्यो. तो कोणाच्या पाठीर कित्याक बसात?" असं म्हणून तात्या तंबाखूची डबी काढतात आणि त्यांच्यापुरता विषय संपतो.

एकदा वकीलसाहेबांनी नवं शस्त्र काढलं. विक्रम उज्जैनचा. आपण शालिवाहन शक पाळणारी माणसं. पैठणच्या शालिवाहनाने ज्या विक्रमाला हरवलं अशी कथा आहे, त्याचं कौतुक आपण रविवारची झोप मोडून का करावं? बाकांवर अस्वस्थता पसरली. प्रश्न अस्मितेचा झाला होता. पण भाऊ काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, मूळ वाचा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. त्यातला राजा त्रिविक्रमसेन, राहणार प्रतिष्ठान, गोदावरीकाठी. म्हणजे पैठण! मालिकेतलं उज्जैन ही पुढची भर. पैठणचा माणूस आपल्या जबाबदारीवर मढं वाहून नेत होता आणि नाव उज्जैनचं झालं. वकीलसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा तारीख मागून घेतली.

पण मूळ वाचण्यात धोका असतो, आणि तो भाऊंच्याच अंगाशी आला. मालिकेतला तो दुसरा माणूस मित्र होता, असं भाऊंचं मत. मस्कतवाले म्हणत भाऊ होता. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाई भाजी घेऊन जाताना थांबल्या आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाल्या, "सोमदेवात तो मित्र नाही. तिचा सख्खा भाऊ आहे. नवऱ्याचा मेहुणा." मित्राची गोष्ट दुसऱ्या पाठांतून आली, टॉमस मानने १९४० मध्ये त्यावर लघुकादंबरी लिहिली, तिच्यावरून गिरीश कार्नाडांचं 'हयवदन', हे सगळं त्यांनी जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर सांगितलं. "कार्नाडांनी तर पुढचंही दाखवलंय. डोकं पुस्तकी माणसाचं आणि धड पहिलवानाचं. काही काळाने धड हळूहळू डोक्यासारखं होतं. दंड गेले, पोट आलं."

एकाच वेळी सर्वांनी पोट आत घेतलं.

मेहुण्याची बातमी पचायला वेळ लागला. डोकं नवऱ्याचं आणि धड भावाचं, म्हणजे संसार कुणाशी, हा विचार प्रत्येकाच्या मनात येऊन गेला आणि कुणीही तो उच्चारला नाही. वकीलसाहेबांनी पाणीपट्टीचा विषय काढून पाहिला. तो निभावलाही असता, पण पलीकडे गवारी निवडत बसलेल्या भाऊंच्या आत्याबाई, ज्यांनी ही मालिका उभ्या आयुष्यात पाहिली नाही, त्या म्हणाल्या, "डोकंबिकं राहू दे. मुलं व्हायची ती धडाकडून. गोत्र कुणाचं लावायचं ते सांगा आधी." साक्षात देवीला याचं उत्तर देता आलं नसतं. तिने तर शिरं कुठे लावायची ते नीट पाहिलंही नव्हतं. बैठक वेळेआधी उठली.

तेव्हापासून भाऊंना घरात एक शिस्त लागू झाली आहे. वहिनींचं म्हणणं साधं आहे: पंथ चालवा, पण निरोप घेऊन गेलात की वाटेत तोंड उघडायचं नाही. मागल्या रविवारी त्यांनी भाऊंना गिरणीत दळण आणायला धाडलं. "पीठ घ्या आणि सरळ घरी या. बाकांवर कुणी काही विचारलं तर मान डोलवा." भाऊंनी कबूल केलं.

ते दळणाची पिशवी उजव्या खांद्यावर टाकून फाटकातून आत आले तेव्हा मीही बाकावर होतो. पिशवी कानाला लागत होती आणि वरचं पीठ त्यांच्या केसांवर सांडलं होतं. आण्णांनी हाक मारली. भाऊंनी मान डोलवली. मस्कतवाले म्हणाले, "भाऊ, केस पांढरे ते पांढरे!" भाऊ चालत राहिले. वकीलसाहेब म्हणाले, "राजा उज्जैनचाच, मी चौकशी केलीय." भाऊंच्या कपाळाची शीर उडाली, पण पाऊल थांबलं नाही. जिन्यापाशी पोचले होते बिचारे. एवढ्यात तो भाचा, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "पण सगळ्यात भारी तो राक्षसवाला होता ना, वेताळ? कोण तो... अमरीश पुरी?"

भाऊंनी पिशवी पायरीवर ठेवली.

पुढे काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. 'सैंया' आला, मधुबाला आली, निळा पट्टा आला, सोमदेव काश्मीरहून निघून पैठणला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. मधल्या वेळात वहिनी खाली आल्या, कुणाशी एक शब्द न बोलता पायरीवरची पिशवी उचलून वर गेल्या. हे बाकांवरच्या सगळ्यांनी पाहिलं. भाऊंची पाठ तिकडे होती, आणि आम्हाला ऐकण्यात रस होता.

विषय संपवून भाऊ वळले, पायरी रिकामी पाहिली, जिन्याखाली पाहिलं, पंपाच्या खोलीत पाहिलं, आणि मुकाट्याने फाटकातून बाहेर पडून पुन्हा गिरणीची वाट चालू लागले. गिरणीवाला पट्टा उतरवत होता.

"दळण राहिलं का माझं इथे?"

"मघाशी खांद्यावर टाकून नेलंत की, भाऊ!" गिरणीवाला म्हणाला, आणि हात झटकत एक डबा उपडा करून बसायला पुढे सरकवला. "आता आलाच आहात तर सांगा, तो मित्र होता का मेहुणा?"