काका, बेंबी सरकत नाही, दुखणं सरकतं



वाड्यात, सोसायटीत, लग्नघरात कुणाचं पोट दुखलं की डॉक्टरच्या आधी पोचणारे जे जे काका आहेत, त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. रोख मात्र तुमच्यावर आहे, कारण माझ्या भाच्याच्या पोटावर पणती ठेवून वर तांब्या उपडा घालणारे हात तुमचे होते.

पोरगं संध्याकाळी बेंबीभोवती दुखतंय म्हणालं, जेवायला नको म्हणालं. तुम्ही दारातूनच ‘बेंबी सरकलीय’ असा निकाल दिलात आणि पोट चोळायला बसलात. रात्री त्याला उलटी झाली, तेव्हा तुमचा निकाल बदलला, आवाजातली खात्री तेवढीच राहिली. आता तो गॅस होता. ओवा झाला, हिंग झाला, दुसऱ्या दिवशी एरंडेल झालं. त्याची आई दवाखान्यात जाऊ म्हणत होती. तुम्ही तिला ‘आजकालच्या आयांना धीर नाही’ असं ऐकवलंत. त्या रात्री तो म्हणाला की आता जरा कमी आहे, आणि तुम्ही सगळ्या घराकडे विजयी नजरेनं पाहिलंत. दुखणं कमी झालं, कारण अपेंडिक्स फुटलं होतं. आतला ताण सुटला की थोडा वेळ आराम वाटतो. मग पू पोटभर पसरतो. सकाळी तापानं फणफणलेलं, पोटाला हात लावू न देणारं मूल उचलून न्यावं लागलं. ते वाचलं. तुम्ही भेटायला आलात आणि म्हणालात, ‘नशिबात होतं.’ नशिबाला यात ओढू नका.

तुम्ही जे पाहिलंत ते नीट पाहिलं असतंत, तर तुम्हीच त्याला वेळेवर पोचवलं असतं, याचा मला जास्त राग आहे. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या खालच्या भागात लोंबणारी करंगळीएवढी नळी. तिचं तोंड बहुधा विष्ठेच्या कडक खड्यानं किंवा सुजलेल्या ग्रंथींनी बंद होतं, आणि आत दाब वाढू लागतो. पेरूच्या बियांवर उगाच आळ घेऊ नका. या नळीच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे पोचतात, तिथेच बेंबीच्या पट्ट्यातल्या संवेदनाही पोचतात, म्हणून सुरुवातीचं मुरड्यासारखं दुखणं बेंबीभोवती जाणवतं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते, आणि दुखणं उजवीकडे खाली येऊन एका जागी ठाण मांडतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ती जागा नेमकी सांगून ठेवली: उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीकडे रेघ ओढली, तर हाडापासून एक तृतीयांश अंतरावर. भाच्यानं दुसऱ्या दिवशी बोट तिथेच ठेवलं होतं. तुम्ही त्याचा हात बाजूला सारून परत बेंबी चोळलीत.

जेवणावरची वासना जाणं, आधी दुखणं आणि मग उलटी हा क्रम, बारीक ताप, खोकताना कळ येणं, वाकून पोट धरून चालणं. यातलं काय त्या पोरात नव्हतं? इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये रुग्णांना एवढंच विचारलं, की इस्पितळात येताना गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा पोटात दुखलं का. ज्यांना अपेंडिक्सचा आजार निघाला, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ‘हो’ होतं. आपल्याकडे असे धक्के मोजायला वेगळं कुठे जावं लागत नाही. फक्त मूल गाडीत बसून निघायला हवं, आणि तुम्ही तर ते दारातच अडवलंत.

निसर्गोपचाराचा दाखला देताना तुम्ही गांधीजींचं नाव घेता. मग पुण्यातलीच गोष्ट पुरी सांगा. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला, ससून रुग्णालयात आणलं, आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. आधुनिक वैद्यकावर आयुष्यभर टीका केलेल्या त्या माणसानं, ज्या सरकारनं आपल्याला कैदेत टाकलं त्याच सरकारच्या सर्जनपुढे, लेखी संमती देऊन पोट उघडायला दिलं. तुमचा हट्ट त्यांच्यापेक्षा मोठा आहे का?

आणखी एक. पोरींचं ओटीपोट दुखलं की तुमच्या घरातल्या बायका ‘पाळीचं असेल’ म्हणून गरम पाण्याची पिशवी देतात, आणि तुम्ही संकोचानं विषय संपवता. उजवीकडची तीच कळ अपेंडिक्सची असू शकते, पीळ बसलेल्या बीजकोशाची असू शकते, गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाची असू शकते. यातलं काहीच पिशवीनं शेकून बरं होत नाही. गरोदर बाईचं दुखणं नेहमीच्या जागेहून वर सरकलेलं असू शकतं. म्हाताऱ्यांना ताप आणि कळ दोन्ही बेताचीच असतात. लहान मूल तर नुसतं किरकिरतं, आणि त्याचं अपेंडिक्स फार लवकर फुटतं. अपेंडिक्स मागे वळलेलं असेल तर कंबर दुखते, खाली ओटीपोटात असेल तर लघवीला जळजळतं. हे ओळखायला रक्ततपासणी, सोनोग्राफी, कधी सीटी स्कॅन लागतो. तुमच्या तांब्याला यातलं काय कळतं?

दरवेळी शस्त्रक्रियाच होते असंही नाही. वेळेत गेलेल्या, अपेंडिक्स न फुटलेल्या काही रुग्णांना नुसत्या प्रतिजैविकांवरही ठेवतात, जरी त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे शस्त्रक्रिया लागते. पण असा पर्याय वेळेत पोचलेल्यालाच मिळतो.

पुढच्या वेळी कुणाचं पोट दुखलं तर अवश्य या. पहिल्यांदा कुठे दुखलं आणि आता कुठे दुखतंय, हे विचारा. खोकायला सांगा. उजवीकडे खाली कळ आली, किंवा दुखणं काही तासांत वाढतच गेलं, तर एरंडेल, जुलाबाची गोळी, चोळणं, शेकणं यातलं काहीही करू नका; जुलाबानं आतडं जोरात हलतं आणि सुजलेलं अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं, म्हणून चहाचा घोटही देऊ नका. रिक्षा आणा, सर्जन असेल त्या दवाखान्यात न्या, आणि तिथे दुखणं कधी सुरू झालं याची वेळ सांगा. घरी काय काय पाजलंत, तेही लपवू नका.

आपली,
त्या मुलाची मावशी