सेफ्टीवाले साहेब

रावेतला जा नाहीतर बाणेरला, स्लॅब कुठल्याही बिल्डरचा असो, सेफ्टीवाले साहेब सगळीकडे तेच. अंगात चमकणारं जॅकेट, गळ्यात शिट्टी आणि मान खाली. बघणाऱ्याला वाटतं, माणूस गरीब दिसतोय. साहेब खिळे शोधत असतात. सेंट्रिंग खोललं की फळ्या तिथेच पडतात, खिळ्यांची टोकं आभाळाकडे करून. साहेब फळी उचलतात, स्वतः हातोडीनं खिळा वाकवतात आणि मुकादमाला हाक मारतात. मुकादमाला ती ऐकू जात नाही. त्याचे कान फक्त बिलाच्या विषयाला उघडतात.

साहेबांची नेमणूक ही कायद्याची कृपा. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा जास्त माणसं कामावर असली की सेफ्टी ऑफिसर ठेवावाच लागायचा. त्यामुळे काही ठेकेदारांना हजेरी मांडताना 499 च्या पुढचे आकडे आठवेनासे व्हायचे.

सकाळी आठला टूलबॉक्स टॉक. समोर मालद्याचे सेंट्रिंगवाले, बिहारचे फिटर, नांदेड-परभणीकडच्या बिगारी बायका. साहेबांचं हिंदी सगळ्यांना सारखंच परकं. "ऊपर से वीट पडेंगा तो डोका फुटेंगा, फिर मत बोलना की सांगा नहीं!" सगळे माना डोलावतात. डोलावताना दोन-तीन हेल्मेटं खाली पडतात, कारण हनुवटीचा पट्टा कुणीच लावलेला नसतो. एरवी हेल्मेटला साइटवर मान मोठा. त्यातून अंडी येतात, त्यावर बसून बिडी ओढता येते, आणि लेबर कॅम्पात एका फुटक्या हेल्मेटात मी कोथिंबीर उगवलेली पाहिली आहे. चांगली तरारली होती.

पण साहेबांचा खरा जीव हूकात. एकदा परांचीवर बाहेरचं प्लॅस्टर चाललेलं. खालून साहेब ओरडले, "हार्नेस?" वरच्या पोरानं छाती पुढे काढून दाखवला. "हूक किधर है?" पोरानं तोही दाखवला. स्वतःच्याच पट्ट्याला अडकवलेला! "लगाया है ना साहब!" म्हणजे पडला असता तर सामानासकट पडला असता, स्टोअरमधल्या हिशेबात एक नग कमी न होता. साहेब धापा टाकत वर चढले, हूक लाइफलाइनला अडकवला आणि तिथेच कठड्याशी दोन मिनिटं बसून राहिले. पोरानं त्यांना पाणी दिलं.

4 मार्च हा त्यांचा सण. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली त्याच तारखेला स्थापन झाली, म्हणून तो सुरक्षा दिन. त्या दिवशी मालक येतात, कोरं पांढरं हेल्मेट दोन बोटांनी धरून फोटोपुरतं डोक्यावर ठेवतात, सगळे शपथ घेतात, वडापाव वाटतात. गेल्या खेपेला शपथ चालू असतानाच साहेबांची नजर बॅनरच्या पाइपावर गेली. पाइप ओळखीचा वाटला. लिफ्टच्या डक्टसमोरचं रेलिंग काढून कुणीतरी सुरक्षेचा बॅनर टांगला होता. साहेबांनी शपथ अर्धी सोडली आणि डक्टकडे धाव घेतली. फोटोत त्यांची फक्त पाठ आली आहे.

घरी वेगळं काही नाही. दिवाळीच्या आधी वहिनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून पंखा पुसायला लागल्या, तर हे म्हणाले, "खुर्ची कोण धरणार? खाली कोण उभं आहे?" वहिनींनी फडकं त्यांच्या हातात दिलं आणि खुर्ची धरली. वर्षातून एकदा पंखा साहेबच पुसतात.

वर्षअखेरीला प्रोजेक्ट मॅनेजरनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "बाकीच्यांनी स्लॅब टाकले. तुम्ही काय केलंत?" साहेबांनी अपघातांचं रजिस्टर पुढे सरकवलं. पानामागून पान, एकच शब्द, निरंक. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे काहीच नाही!" आणि पगारवाढीच्या रकान्यातही त्यांनी तेच लिहिलं.