काच लागलीच पाहिजे

प्रत्येक सोसायटीत असा एक तरी मनुष्य असतो. कुणी रॅम्बोचा असतो, कुणी टर्मिनेटरचा, कुणी बॉण्डचा. ओळखायची खूण सोपी आहे. ‘शेवटचा भाग कसा वाटला?’ असं विचारलं, की तो पहिल्या भागापासून सुरुवात करतो आणि तिकडे तुमच्या घरी दूध उतू जातं.

आमच्याकडचा हा मनुष्य ‘डाय हार्ड’चा. त्यांना सगळे जॉनकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत कधीच न लागल्यामुळे फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि नवा कुरिअरवाला त्यांना हटकून गोव्याचे समजतो. जॉन म्हणजे अर्थातच जॉन मॅक्लेन, न्यूयॉर्कचा पोलीस, ब्रूस विलिसनं अजरामर केलेला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर. ही नोकरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला ‘डाय हार्ड’ 1988 चा. काकांनी तो परभणीला बदली असताना पाहिला, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. नाताळची संध्याकाळ, लॉस एंजेलिसमधली नाकाटोमी नावाची उंच इमारत, वरच्या मजल्यावर पार्टी, पार्टीत मॅक्लेनची दुरावलेली बायको आणि बंदुका घेऊन आलेला हान्स ग्रूबर. तिजोरीला सात कुलपं. सहा फोडता येतात, सातवं विद्युतचुंबकीय, ते वीज गेल्याशिवाय उघडत नाही. ग्रूबर शांतपणे वाट बघतो, कारण एफबीआय आली की पुस्तकातल्या नियमाप्रमाणे आधी वीज तोडणार हे त्याला माहीत आहे. खाली रस्त्यावर वीज कंपनीचा माणूस जीव तोडून सांगतोय, साहेब, एकट्या बिल्डिंगची वीज जात नाही, आसपासच्या सगळ्या भागाची जाईल. साहेब ऐकत नाहीत.

‘जगाच्या इतिहासात एवढा एकच सिनेमा आहे,’ काका सांगतात, ‘ज्यात भारनियमन हाच कथेचा कळस आहे. आणि त्या लाइनवाल्याचं तिथेही कुणी ऐकत नाही!’ त्या रात्री नेमक्या त्याच क्षणी परभणीतली लाइट गेली आणि लोक काकांना शोधत आले, असंही ते सांगतात. यावर मी विश्वास ठेवत नाही, पण आग्रहानं ऐकतो.

पहिल्या भागाची बाकी माहिती त्यांच्याकडे सातबाऱ्यासकट आहे. सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला, तिच्या आधीच्या कादंबरीवर 1968 मध्ये फ्रँक सिनात्राचा सिनेमा आला होता, म्हणून करारानुसार ही भूमिका आधी सत्तरीच्या सिनात्राला विचारावी लागली. ती नाकाटोमी इमारत खरं तर फॉक्स कंपनीचीच. ग्रूबर झालेल्या अ‍ॅलन रिकमनचा तो पहिलाच चित्रपट. हा नाताळचा सिनेमा की नाही, या वादात काका पडत नाहीत. तो प्रदर्शित झाला जुलैमध्ये, एवढं मात्र दोन्ही पक्षांना सुनावून येतात.

पण खरी भक्ती जडली ती पायांवर. विमानातला एक सहप्रवासी मॅक्लेनला सल्ला देतो, की प्रवासाचा शीण घालवायला बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळत चाल. मॅक्लेन तसं करत असतानाच गोळीबार सुरू होतो आणि बिचारा उरलेला सिनेमा अनवाणी धावतो, फुटलेल्या काचांवरून. मग न्हाणीघरात बसून तळव्यातली एकेक काच उपसून काढतो आणि कळवळतो. काका आजही नागपूरच्या बसमधून उतरून घरी आले, की चपला काढून पायाची बोटं आवळत फेऱ्या मारतात. गालिचा नसल्यामुळे शहाबादीवर.

‘नायकाला लागलं पाहिजे,’ हा त्यांचा सिनेमाविषयीचा एकमेव सिद्धांत. ‘रक्त सगळेच दाखवतात रे. दुखतंय हे दाखवावं लागतं.’

या मापानं ते पुढचे भाग मोजतात. दुसरा (1990) विमानतळावरचा, त्यात थंडी खरी वाटते, म्हणून पास. गोष्ट वॉशिंग्टनला घडते आणि फोनच्या डब्यावर मात्र कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक बेलचं नाव दिसतं, ही चूक त्यांनी वत्सलतेनं पोटात घातली आहे. तिसरा (1995) तर त्यांचा अतिशय आवडता, कारण त्यात मॅक्लेनचं पहिल्यापासून शेवटपर्यंत डोकं दुखत असतं. रात्रीची उतरलेली नसते, तो दिसेल त्याच्याकडे अ‍ॅस्पिरिन मागत असतो आणि अखेर अ‍ॅस्पिरिनच्या बाटलीवरूनच त्याला खलनायकाचा ठावठिकाणा लागतो. त्यात एक कोडंही आहे: तीन आणि पाच गॅलनची दोन भांडी आहेत, नेमकं चार गॅलन पाणी मोजा, नाही तर स्फोट. हे कोडं काकांनी मुलीला बघायला आलेल्या मुलाला घातलं होतं. तो म्हणाला, ‘मापाचं भांडं विकत आणू.’ ते स्थळ जमलं, पण काकांच्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

चौथा भाग बारा वर्षांनी, 2007 मध्ये आला. वीजयंत्रणेवरच हल्ला, म्हणजे काकांच्या घरचं कार्य. ‘ग्रिड अशी बंद पडत नाही,’ असं थिएटरच्या अंधारात ते इतक्या वेळा म्हणाले, की पुढच्या रांगेतला मुलगा वळून म्हणाला, ‘आजोबा, मग कशी पडते?’ आणि काकांनी सांगितलं. पुढे मॅक्लेन चक्क लढाऊ विमानाच्या पाठीवर उडी मारतो. शिवाय कोवळ्या प्रेक्षकांनाही आत सोडता यावं म्हणून त्याची ती प्रसिद्ध शिवी गोळीच्या आवाजात अर्धी बुडवली आहे. तरीही काकांनी हा भाग स्वीकारला, कारण शेवटी मागून धरलेल्या खलनायकाला मारायला मॅक्लेन स्वतःच्याच खांद्यातून गोळी झाडतो. ‘लागलं ना? झालं तर मग.’

आणि मग 2013 साली पाचवा भाग आला.

त्याचं नाव काका घेत नाहीत, ‘ते मॉस्कोचं’ म्हणतात. मॅक्लेनचा मुलगा मॉस्कोत पकडला जातो, बाप त्याला सोडवायला जातो, मुलगा सीआयएचा हेर निघतो. मुलाला सोडवायला गेलेला बाप सिनेमाभर ‘मी सुट्टीवर आलोय’ म्हणून ओरडतो. ‘कोण सुट्टी म्हणेल याला? रजेचा अर्ज तरी वाचायचा लेखकानं!’ मॉस्कोतला बराचसा भाग हंगेरीत चित्रित झालाय, ते एक वेळ चालेल. पण मॉस्कोहून निघून हे बापलेक गाडीनं रातोरात चेर्नोबिलला पोचतात. सरळ रेषेतसुद्धा ते सातशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये दुसऱ्या देशाची सीमा. काकांनी नकाशा घेऊन मला बसवलं होतं. ‘पुणे-नागपूर धर. चहाला कुठे थांबले, ते तरी दाखवा!’

चेर्नोबिलला तर त्यांचा व्यावसायिक संताप उफाळतो. 26 एप्रिल 1986 चा तो अपघात झाला एका चाचणीच्या वेळी: बाहेरची वीज गेली, तर थांबत आलेल्या टर्बाइनच्या गरगरण्यावर पंप थोडा वेळ चालतील का, एवढंच बघायचं होतं. त्यापायी तीस किलोमीटरचा परिसर रिकामा करावा लागला. आणि सिनेमात एक बाई पालिकेच्या डासांच्या गाडीसारखा फवारा मारते, किरणोत्सर्ग गायब होतो आणि मंडळी तोंडावरचे मुखवटे काढून गप्पा मारतात. ‘एवढं सोपं असतं, तर आम्ही पेन्शनीत काढलं असतं का आयुष्य?’ या वाक्याचा अर्थ मला लागलेला नाही, पण त्यातली व्यथा पोचते.

पण हेसुद्धा त्यांनी गिळलं असतं. गिळवलं नाही ते एकच. उंच इमारतीची काच फोडून मॅक्लेन बाहेर झेपावतो, आदळत-आपटत खाली येतो आणि झटकून चालू पडतो. विलिस तेव्हा सत्तावन्न वर्षांचा, काकाही जवळपास तेवढेच, आणि त्याच आठवड्यात त्यांचा गुडघा फिजिओथेरपिस्टच्या ताब्यात होता. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या ते कठडा धरून उतरले. खाली आल्यावर म्हणाले, ‘मला तीन मजले उतरून लागलं. त्याला नाही.’

म्हणून तुम्ही या सिनेमाला नावं ठेवायला जाल, तर सावध. परवा आमच्या जिमवाल्या पोरानं ‘काका, फालतू होता ना तो पाचवा?’ असं विचारलं. काका ताडकन म्हणाले, ‘दिग्दर्शकाची चूक आहे. मॅक्लेन काय करणार?’ आणि पोराला पहिल्या भागापासून सुरुवात करून दिली. जगभरात या चित्रपटानं तीस कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, त्यात काकांचाही वाटा आहे. तो किती वाईट आहे याची खात्री करायला ते पुन्हा गेले होते.

काकू या सगळ्याकडे तटस्थपणे बघतात. त्यांच्या मते मालिका फार आधी संपली. ‘होलीला काढली, तिथेच संपला सिनेमा.’ होली म्हणजे मॅक्लेनची बायको. ती पहिल्या दोन भागांत आहे, तिसऱ्यात नुसती फोनवर, चौथ्यात घटस्फोट झालेला. पहिल्या भागात मॅक्लेन वायरलेसवरून एका अनोळखी पोलिसाला सांगतो, माझं काही बरंवाईट झालं तर बायकोला सांग, मी चुकलो. काकूंना तेवढा प्रसंग आवडतो. ‘माफी मागायला पुरुषाला अख्खी बिल्डिंग पेटवावी लागते,’ त्या म्हणतात, ‘आणि ती पण दुसऱ्याकरवी.’ काका त्या वेळी नेमके पाणी प्यायला उठतात.

सहावा भाग येणार, अशी वर्षानुवर्षं आवई होती. ‘आला तरी बघणार नाही,’ असं काकांनी जाहीर केलं होतं आणि बातम्या मात्र रोज तपासत होते. तो बेत बारगळला. मग 2022 मध्ये विलिसच्या कुटुंबानं त्याला अफेझिया झाल्याचं, म्हणजे भाषाच हरवत नेणारा विकार झाल्याचं सांगितलं आणि तो अभिनयातून बाजूला झाला. त्या दिवशी काकांनी पाचव्या भागाबद्दल एकही वाईट शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला.

हल्ली ते सहावा भाग स्वतःच रचतायत. मॅक्लेन निवृत्त झालाय, गुडघा बदललाय, अकराव्या मजल्यावर इस्पितळात आहे. वीज जाते. जनरेटर सुरू होत नाही. तो का सुरू होत नाही, यावर पहिला पाऊण तास.

‘आणि खलनायक?’ मी विचारलं.

‘डिझेल भरायला विसरलेला मनुष्य आहे ना!’

‘मग मॅक्लेन करतो काय?’ आतून काकूंनी विचारलं.

‘जिन्यानं उतरतो.’

‘अकरा मजले? गुडघा बदललेला असताना?’

‘मग!’ काका खुर्चीत सरसावून बसले. ‘बूटसुद्धा नाहीत पायात.’