फुटबॉलचे नवे-जुने

भारतात फुटबॉल क्लब बंद पडण्याची कारणे दोनच आहेत: मालकाला कंटाळा येणे आणि कराराची मुदत संपणे. सामने हरण्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये क्लब गुंडाळला गेला. विजेतेपद ताळेबंदात जमेच्या बाजूला धरत नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

या शास्त्राचा सखोल अभ्यास पुण्यात झाला. 2015 पासूनच्या पाच वर्षांत पुणे एफसी, एकाच हंगामाचा भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार क्लब तिथल्या मैदानांवरून नाहीसे झाले. विद्येच्या माहेरघराने विषय पूर्ण केला म्हणायचा. पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली जागा मात्र वाया गेली नाही. 2019 मध्ये ती हैदराबादला गेली. हैदराबाद 2022 मध्ये विजेता ठरला, पुढे खेळाडूंचे पगार थकले, आणि 2025 मध्ये तोच क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. त्याआधी दिल्लीचा संघ 2019 मध्येच ओडिशाला गेला होता. विकासोच्या, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या, सभासदाला यात नवल वाटणार नाही. मार्चअखेर जुने कर्ज कागदोपत्री फिटते, लगेच नवे उचलले जाते, आणि या नव्या-जुन्यात वसुली उत्तम दिसते. जळगावकडच्या धरणगाव तालुक्यात याला कोणी क्रीडा-व्यवस्थापन म्हणत नाही, एवढाच फरक.

2025-26 च्या हंगामात एका क्लबाऐवजी अख्खी लीगच बुडायला निघाली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीकडे सोपवले होते. लीग त्याच हक्कांवर चालत होती. करार 700 कोटींचा, वर्षाला सुमारे 50 कोटी. 15 वर्षांनी मुदत संपेल, हे करारातच लिहिलेले होते. त्यामुळे 8 डिसेंबर 2025 ही तारीख जवळ आली तेव्हा सर्वांनाच धक्का बसला. जुलैमध्ये लीग स्थगित झाली, ऑगस्टपासून काही क्लबांनी पगार थांबवले. महासंघाने निविदा मागवली, तर मुदतीत एकही आली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतेच. तिथे गोलरक्षक नसतो, पण तारखा मिळतात.

खेळाडूंनी तेवढ्यात खेळून घेतले. ऑक्टोबरात एफसी गोवा फातोर्ड्याच्या मैदानावर सौदीच्या अल नस्रशी 2-1 असा झुंजून हरला. रोनाल्डो येणार म्हणून तिकिटे काढली गेली होती. तो आलाच नाही. निविदा भरणाऱ्यांनीही मग त्याचाच कित्ता गिरवला. 7 डिसेंबरला गोव्याने ईस्ट बंगालला पेनल्टीवर नमवून सुपर कप जिंकला आणि दुसऱ्या दिवशी महासंघाचा करार संपला.

मुंबई सिटीचे प्रकरण वेगळे वाटते, पण फक्त रकमेच्या दृष्टीने. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने 2019 मध्ये क्लबाचा 65 टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर संघाने दोन वेळा लीग शील्ड आणि दोन वेळा करंडक जिंकला. तेलाच्या पैशाला तळ नसतो, अशी समजूत होती. डिसेंबर 2025 मध्ये समूहाने लीगच्या अनिश्चिततेचे कारण देत हिस्सा सोडला आणि क्लब रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांकडे परतला.

मग सावरण्याचा भाग आला. 6 जानेवारी 2026 ला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग 14 फेब्रुवारीपासून होईल असे जाहीर केले. 14 संघ, 91 सामने. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच भिडणार, म्हणजे सामने निम्म्यावर. काही क्लबांनी पगारातही तोच हिशेब लावला आणि खेळाडूंपुढे कपातीचा प्रस्ताव ठेवला. बूट मात्र दर सामन्याला पूर्वीइतकेच झिजणार होते.